हौसेचे वैमानिक कुठे गेले?

खानदेशातल्या लोणखेड्याच्या उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि मधे ऊस, केळी, पपईचे सपाट शिवार. पावसाळा सोडला तर इथले आकाश बहुधा निरभ्र असते आणि मोठ्या विमानांची त्यात गर्दी नसते. नवशिक्या वैमानिकाला याहून चांगले मैदान कुठले? म्हणूनच शिरपूरजवळ धावपट्टी झाली, धुळ्यात गोंदूरच्या विमानतळावर बॉम्बे फ्लाइंग क्लबचे प्रशिक्षण सुरू झाले, जळगावातही विमान शिकवतात. मात्र तिथे येणारी बहुतेक मुले एअरलाइनच्या नोकरीसाठी उडतात. रविवारी सकाळी तापीवरून एक फेरी मारावी आणि घरी जेवायला यावे, एवढ्यासाठीच उडणारा माणूस शोधूनही सापडणे कठीण.

आपल्याकडे तर विमानविद्या आली हौसेच्याच वाटेने. बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८चा. तिथे शिकून जेआरडी टाटांनी १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळवला, तो निव्वळ उडण्याच्या वेडापायी. १५ ऑक्टोबर १९३२ला पस मॉथ हे एका इंजिनाचे चिमुकले विमान त्यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आणले, आत टपालाच्या पिशव्या. भारतातली विमानसेवा अशी एका छंदातून जन्मली. १९८२ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, जेआरडींनी तोच प्रवास पुन्हा केला!

असे छोटे विमान म्हणजे केवढे नवल. सेसना १७२ घ्या: चार सिलिंडरचे, हवेने थंड होणारे इंजिन आणि ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेग आला की चाके जमीन सोडतात. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, त्यांना ठिणगी पुरवणारे दोन स्वतंत्र मॅग्नेटो. बॅटरी पूर्ण बंद पडली तरी इंजिन चालत राहते. वैशाखात खानदेशातली काळी जमीन तापते, हवा विरळ होते आणि हेच विमान धावपट्टीवर लांबपर्यंत धावते, वर गेल्यावर उष्ण झोतांवर उसळते. पायाखालच्या जमिनीचा स्वभाव असा थेट हातातल्या दांड्यात उतरतो.

मग ही हौस का आटली? केवळ पैशामुळे, असे मला वाटत नाही, जरी एका तासाच्या उड्डाणाला आज पाच आकडी रुपये पडतात. खाजगी परवान्याला वय सतरा, शिक्षण दहावी आणि किमान चाळीस तासांचे उड्डाण लागते. त्याखेरीज वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा, रेडिओचा वेगळा परवाना. एवढे करून त्या परवान्यावर एक रुपयाही कमावता येत नाही. व्यावसायिक परवान्याला दोनशे तास लागतात, पण पुढे पगार दिसतो. कर्ज काढणारे घर कुठली वाट धरेल, हे उघड आहे.

खरी अडचण त्यानंतर सुरू होते. परवाना मिळाला, आता जायचे कुठे? दूरच्या प्रत्येक उड्डाणाला आराखडा द्यावा लागतो, हवाई संरक्षणाचा मंजुरी क्रमांक घ्यावा लागतो. छोट्या विमानाचे इंधन, एव्हगॅस, मोजक्याच ठिकाणी मिळते. जुहूवर एकेकाळी क्लबची विमाने घिरट्या घालत. शेजारच्या मोठ्या विमानतळाची वाहतूक वाढत गेली आणि त्यांचे आकाश आक्रसले.

विमानांचे माहेरघर असलेल्या अमेरिकेतही ओहोटी आलीच. १९७८ मध्ये तिथल्या कारखान्यांतून सुमारे अठरा हजार छोटी-मोठी खाजगी विमाने बाहेर पडली, १९९४ मध्ये हजाराहूनही कमी. अपघातांनंतरच्या नुकसानभरपाईच्या दाव्यांनी विमा इतका महागला की सेसनाने १९८६ मध्ये पिस्टन इंजिनाची विमाने बनवणेच थांबवले आणि ती दहा वर्षांनी पुन्हा सुरू केली. खाजगी परवानाधारक १९८० मध्ये साडेतीन लाखांच्या घरात होते. पुढच्या चार दशकांत ते निम्म्यावर आले.

तरीही वेड संपलेले नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते मुंबईकरांनी पाहिले, नोंदणीला २०१७ उजाडले आणि २०२०च्या चाचण्यांसाठी ते धुळ्यालाच आले. त्या धावपट्टीवर आठवड्यातली एक सकाळ हौशी माणसांसाठी राखून ठेवावी, क्लबच्या दरात, असे मला मनापासून वाटते. शिकाऊ परवाना सोळाव्या वर्षी मिळतो. लोणखेड्यातली दहावी झालेली एखादी मुलगी तिथे पहिल्यांदा दांडा हातात धरू शकेल.