परिचयाचा पाठपुरावा

आपल्या इंदूरच्या मराठी समाजात ओळखी होण्यास निमित्तांची उणीव नाही. गणेशोत्सव, कोजागरी, नाटकाचा मध्यंतर, वैद्यकीय परिषदेतील भोजन, अशा प्रत्येक प्रसंगी दोन-चार नवी व्हिजिटिंग कार्डे खिशात येतात आणि घरी गेल्यावर टेबलाच्या खणात विसावतात. चार-सहा महिन्यांनी काम निघाले म्हणजे खण उपसावा लागतो. तोवर समोरच्या गृहस्थास आपला चेहराही आठवत नसतो. ओळख करून घेण्याइतकाच तिचा पाठपुरावा करणे हाही व्यवसायाचा भाग होय, हे आपल्या तरुण डॉक्टरांना आणि नोकरीच्या शोधात असलेल्या मुलामुलींना सहसा कोणी सांगत नाही. ‘काम पडले की आठवण काढतो’ असे कोणी म्हणेल, या संकोचाने ते गप्प राहतात. वस्तुतः हा आक्षेप काम पडेपर्यंत गप्प राहणाऱ्यावरच येतो.

या विषयाचा शास्त्रीय अभ्यास झालेला आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या न्यूटन येथील नुकतीच नोकरी बदललेल्या व्यावसायिकांना विचारले, की ज्या परिचिताकडून नोकरीची माहिती मिळाली त्याची भेट त्या सुमारास कितपत होत असे? १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधात उत्तर आहे. परिचितामार्फत नोकरी मिळालेल्यांपैकी ‘वरचेवर’ म्हणणारे अवघे १६.७ टक्के होते. ‘अधूनमधून’ म्हणणारे ५५.६ टक्के आणि ‘क्वचित’ म्हणणारे २७.८ टक्के. कारण उघड आहे. जिवलग मित्रांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. नवी वार्ता येते ती दुसऱ्या वर्तुळात वावरणाऱ्या माणसाकडून. २०२२ साली लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सभासदांवरील प्रयोगांचा अभ्यास ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. त्याने या मताला दुजोरा दिला, पण एक दुरुस्तीही सुचवली: अगदी विरलेल्या ओळखीपेक्षा मध्यम प्रतीची ओळख अधिक उपयोगी पडते. पाठपुराव्याचे काम नेमके हेच. परिचिताला मित्र करावयाचे नसून, ओळख विरू द्यावयाची नाही.

भेटीनंतर दोन-तीन दिवसांत चार ओळी लिहाव्यात. कोठे भेटलो, कशाविषयी बोललो, आणि बोलण्यात काही देण्याचे कबूल केले असल्यास (एखादा लेख, एखादा पत्ता) तो सोबत, एवढे पुरे. पहिल्याच पत्रात बायोडाटा जोडून ‘कृपया लक्ष असू द्यावे’ असे लिहिणे टाळावे. असे पत्र वाचणाऱ्यास काय करावे हेच कळत नाही. याउलट, ‘आपल्या रुग्णालयात अतिदक्षता विभागासाठी भूलतज्ज्ञ घेतात काय, व अर्ज कोणाच्या नावे करावा?’ या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येते आणि मनुष्य ते आनंदाने देतो. उत्तर न आल्यास आठ-दहा दिवसांनी एकदा, फार तर पुन्हा एकदा स्मरण द्यावे. रोज सकाळी फुलांचे चित्र आणि सुविचार धाडणे हा पाठपुरावा नव्हे, हेही येथे नमूद करणे अवश्य आहे.

आता डॉक्टरांपुरते. नव्याने दवाखाना थाटणारा विशेषज्ञ शहरातील फॅमिली डॉक्टरांना एकदा भेटून येतो, कार्ड ठेवतो आणि रुग्णांची वाट पाहतो. परंतु ही ओळख टिकवण्याचे सर्वांत सभ्य साधन म्हणजे पाठविलेल्या रुग्णाविषयीचे उत्तर. हा केवळ शिष्टाचार नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचारविषयक नियमांत स्पष्ट म्हटले आहे, की रुग्णास विशेषज्ञाकडे पाठविताना उपचार करणाऱ्या डॉक्टराने रुग्णाचा सारांश द्यावा आणि विशेषज्ञाने आपले मत त्यास लेखी कळवावे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आलेले नवे नियम त्याच महिन्यात स्थगित झाले, त्यामुळे २००२ चेच नियम पाळावयाचे आहेत. प्रत्यक्षात काय घडते? चिठ्ठीवर ‘कृपया पाहावे’ एवढेच असते, आणि उत्तरादाखल रुग्णाच्या हाती डिस्चार्ज कार्डाची अस्पष्ट झेरॉक्स.

यात डावावर काय असते ते पाहा. साठीतील एका गृहस्थांची अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट बसतो. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दोन गोळ्या सामान्यतः सहा ते बारा महिने घ्यावयाच्या असतात. तिसऱ्या महिन्यात दाढ दुखू लागते. दाढ काढताना रक्तस्राव होईल या भीतीने कोणी तरी ‘आठ दिवस गोळ्या थांबवा’ म्हणतो, आणि स्टेंटमध्ये गुठळी होऊन जिवावर बेतते. हृदयरोगतज्ज्ञाने फॅमिली डॉक्टरास धाडलेल्या पत्रात स्टेंट कोणत्या तारखेस बसविला, कोणती गोळी कोणत्या महिन्यापर्यंत द्यावयाची आणि ती मला विचारल्याखेरीज कोणी बंद करू नये, या तीन ओळी असत्या तर रुग्णाच्या घरच्यांनी विचारताच त्याने उत्तर दिले असते. असे पत्र ज्याला येते त्याला पुढील रुग्ण कोठे पाठवावा हे वेगळे सांगावे लागत नाही. पत्र रुग्णाच्या संमतीने त्या एका डॉक्टरासच जावे. रुग्णाच्या नावानिशी अहवाल गटावर टाकणे हा गोपनीयतेचा भंग आहे.

येथे एक कटू विषय टाळता येत नाही. कित्येक ठिकाणी या पत्राची जागा पाकिटाने घेतली आहे. रुग्ण पाठविल्याबद्दल भेट, दलाली वा बक्षीस देणे, घेणे, मागणे किंवा देऊ करणे या चारही गोष्टी त्याच नियमांनी निषिद्ध आहेत. दिवाळीच्या मिठाईचा पुडा अपराध नव्हे. पण पुड्याचे वजन पाठविलेल्या रुग्णांच्या संख्येप्रमाणे वाढू लागले की तो मिठाईचा उरत नाही. पाकीट घेणाऱ्याला तज्ज्ञाचे कौशल्य पाहण्याचे कारण राहत नाही आणि देणाऱ्याला ती रक्कम अखेर रुग्णाच्याच बिलातून काढावी लागते. तरुण सहकारी म्हणतात, की पाकिटावाचून येथे जम बसत नाही. जम बसण्यास वेळ अधिक लागतो हे खरे, आणि त्या काळात घरभाडे व कर्जाचे हप्ते थांबत नाहीत हेही खरे. म्हणूनच स्थिरावलेल्या ज्येष्ठांनी आपल्या ओळखी नव्यांना उघडून द्याव्यात, ही अपेक्षा अवास्तव नाही. नियमांनी मोकळे ठेवलेले मार्गही वापरावेत. व्यवसायास आरंभ, पत्ता बदलणे, रजेवर जाणे व परत येणे यांची औपचारिक जाहीर सूचना वृत्तपत्रात देता येते. तीच सूचना ओळखीच्या डॉक्टरांना स्वतंत्र पत्राने धाडावी. रजेवर जाताना आपले रुग्ण कोण पाहणार हे ज्याने कळविले, त्याचे नाव ध्यानात राहते.

आणखी एक पत्र बहुतेक जण लिहीतच नाहीत. ज्यांच्याकडे शब्द टाकला होता, त्यांच्याकडून काम झाले नाही आणि दुसरीकडे नोकरी मिळाली, तर तेही त्यांना कळवावे. कोठे लागलो, केव्हा रुजू होणार, आणि आपण चौकशी केलीत याबद्दल आभार. तो गृहस्थ कदाचित अजूनही कोणाला तरी आपल्याविषयी विचारत असेल.