पंधरा वर्षांची गाडी आपोआप भंगारात जात नाही

गारगोटीत जुन्या मोटारसायकलचा निकाल गॅरेजपेक्षा चहाच्या टपरीवर जास्त लागतो. तिथले सल्ले ठाम असतात. पंधरा वर्षं झाली, आता सरकार गाडी ओढून नेणार. इंजिन खोललं की गाडी संपली. बॉन्ड करून दे आणि मोकळा हो. पाटगाव-कडगावकडून रोज कामाला खाली येणाऱ्या माणसाला गाडी म्हणजे चैन नव्हे. शेवटची एसटी चुकली तरी घरी पोचवणारं ते एकमेव साधन असतं. त्यामुळं ती ठेवायची की विकायची हे ऐकीव गोष्टींवर ठरवणं महागात पडतं.

‘पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात’

ही भीती दिल्लीहून टीव्हीवर बसून आली. दिल्ली आणि भोवतालच्या राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरची डिझेल आणि पंधरा वर्षांवरची पेट्रोल वाहनं चालवायला हरित लवादानं मनाई केली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली आणि पुढं तिच्यातही फेरफार झाले. भुदरगड तालुक्याशी त्या आदेशाचा काडीचाही संबंध नाही. दुसरं कारण ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालेलं स्क्रॅप धोरण. त्यातही खासगी गाडी बाद होते ती तपासणीत नापास झाल्यावर, नुसतं वय झालं म्हणून नाही. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवर ज्यांची नोंदणी वाढवणं बंद झालं, ती वाहनं सरकारी.

आपल्या गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढं ती पाच-पाच वर्षांनी वाढते. यालाच लोक रिपासिंग म्हणतात. मुदत संपायच्या आधी साठ दिवसांत फॉर्म २५ भरून गाडी आरटीओच्या तपासणीला दाखवायची. मोटारसायकलची ही फी पूर्वी ३०० रुपये होती, १ एप्रिल २०२२ पासून ती १,००० झाली. वीस वर्षांपुढच्या गाडीला ऑगस्ट २०२५ पासून २,००० रुपये पडतात. वर राज्याचा पर्यावरण कर. शिवाय नवी सुरक्षा नंबरप्लेट, म्हणजे ४५० रुपये आणि जीएसटी. ती नसेल तर आरटीओतली पुढची कामं अडतात.

खरा फटका बसतो तो विसरण्याचा. मुदत उलटली की मोटारसायकलला महिन्याला ३०० रुपये विलंब शुल्क लागतं. दोन वर्षं आरसीकडं बघितलंच नाही तर त्याचेच ७,२०० झाले. एवढ्यात अनेक गाड्यांची क्लच प्लेट, चेन स्प्रॉकेट आणि मागचा टायर होऊन जातो. म्हणून गॅरेजला जायच्या आधी आरसी काढून तारीख बघावी.

‘दुरुस्ती गाडीच्या किमतीपुढं गेली की विकून टाकावी’

हिशेब बरोबर वाटतो, पण तुलना चुकीच्या दोन आकड्यांची आहे. गाडी विकून जे येईल त्यात तुमचं रोजचं जाणं-येणं भागणार नाही. दुसरी गाडी घ्यावीच लागणार. म्हणून दुरुस्तीचा खर्च ताडून बघायचा तो त्या दुसऱ्या गाडीच्या खर्चाशी.

धरून चाला, जुन्या शंभर सीसीच्या गाडीला बाजारात पंधरा हजार येतात आणि मिस्त्रीनं सगळं मिळून अठरा हजारांचं काम सांगितलंय. चहावाल्याच्या न्यायानं गाडी विकायला हवी. आता नवी गाडी घेण्यासाठी ७०,००० कर्ज काढलं, १२ टक्के व्याजानं, दोन वर्षांसाठी. हप्ता पडतो महिन्याला ३,३०० च्या आसपास. म्हणजे अठरा हजारांची दुरुस्ती साडेपाच हप्त्यांएवढी झाली. दुरुस्त केलेली गाडी वर्षभर विनातक्रार चालली, तरी दुरुस्ती फायद्यात गेली.

यावर उत्तर ठरलेलं असतं: नवी गाडी पेट्रोलमध्येच फिटते. तेही मांडून बघू. महिन्याला हजार किलोमीटर फिरणं, जुनी लिटरला पन्नास देते, नवी पासष्ट. जुनीला वीस लिटर लागतात, नवीला साडेपंधराच्या आत. लिटरचा भाव १०५ रुपये धरला तर महिन्याची बचत पाचशेलाही पोचत नाही. त्यात ३,३०० चा हप्ता कसा फिटायचा? दूध किंवा माल पोचवणारा, महिन्याला तीन-चार हजार किलोमीटर तुडवणारा असेल तर गणित फिरतं आणि त्यानं नव्या गाडीचा विचार जरूर करावा. बाकीच्यांनी ‘मायलेज’ या शब्दाला भुलू नये.

एक गोष्ट मात्र विकणाऱ्याच्या विरोधात गेली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी स्वस्त झाल्यावर जुनीचा भावही खाली येणारच. शेजाऱ्यानं दोन वर्षांपूर्वी काय भावात विकली, ते आता धरून बसू नये.

‘एकदा इंजिन खोललं की गाडी गेली’

मला हा सगळ्यात नुकसान करणारा समज वाटतो, कारण त्यापायी चांगल्या गाड्या कवडीमोलानं जातात. शंभर-सव्वाशे सीसीचं एक सिलिंडरचं इंजिन खोलून दुरुस्त करता यावं असंच बनवलेलं असतं. रिंगा, पिस्टन, व्हॉल्व्हची ऑइल सील, टायमिंग चेन हे सगळं झिजणारं आणि बदलायचं सामान. सिलिंडर झिजला तर पाव-पाव मिलिमीटरनं बोअर वाढवून मोठा पिस्टन घालतात, नाहीतर अख्खा किट बदलतात. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर असली कामं करणारे हात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. इंजिन खराब होतं ते खोलल्यामुळं नाही, तर जुनं गॅस्केट परत बसवून, हलकं सामान घालून घाईत बंद केल्यामुळं.

बरं, दर वेळी पूर्ण काम लागतंच असंही नाही. सकाळी गार इंजिन चालू करून सायलेन्सरच्या तोंडाकडं बघा. पांढरी वाफ येऊन थोड्या वेळात थांबली तर ते पाणी आहे, सोडून द्या. चालू करताच निळसर धूर आला आणि गरम झाल्यावर गेला, तर बहुतेक व्हॉल्व्हची सील गेली आहेत. ते काम तुलनेनं किरकोळ. ॲक्सिलेटर देईल तसा निळा धूर वाढत असेल, तर मात्र रिंगा आणि बोअर बघावे लागतील. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. एअर फिल्टर साफ करून कार्बोरेटर जुळवला तरी बऱ्याचदा काम होतं. एवढं बघून गेलात तर मिस्त्रीशी बोलणं ‘किती होतील?’ऐवजी ‘काय गेलंय?’ इथून सुरू होतं.

इंजिनाला घाबरणारे लोक सांगाड्याकडं बघतच नाहीत. आपल्याकडच्या पावसात चिखल चेसिसच्या खालच्या नळीत, स्विंग आर्मच्या सांध्यात आणि बॅटरीच्या तळाशी बसून राहतो आणि आतून गंज धरतो. हँडलखालच्या जोडाजवळ तडा आहे का, पूर्वी वेल्डिंग केलंय का, ते टॉर्च लावून बघावं. मग हँडल सरळ धरून मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांनी दोरी ताणून पुढच्या चाकापर्यंत आणावी. पुढच्या टायरपासून दोन्ही दोऱ्यांचं अंतर सारखं हवं. नसेल तर आधी चेनचे ॲडजस्टर दोन्हीकडं एकाच खुणेवर आहेत का ते तपासा. ते ठीक असूनही चाकं तिरपी दिसत असतील, तर चेसिस किंवा फोर्क वाकलाय. फोर्क बदलता येतो. वाकलेल्या किंवा तडा गेलेल्या चेसिसवर मी तरी एक रुपया घालणार नाही.

मीटरवरच्या किलोमीटरनं दोन्हीकडची माणसं फसतात. जुन्या गाड्यांचा मीटर पुढच्या चाकातून येणाऱ्या केबलवर फिरतो. केबल तुटली की गाडी वर्षभर फिरते आणि मीटर जागचा हलत नाही.

‘नव्या पेट्रोलनं जुन्या गाड्या मारल्या’

अर्धं खरं. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये ऊर्जा सहा-सात टक्के कमी असते, त्यामुळं मायलेज थोडं उतरतं. जुन्या रबरी नळ्या आणि सील लवकर कडक होतात, तेही खरं. पण तो खर्च नळ्या-सीलचा आहे, इंजिनाचा नाही. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पावसाळाभर गोठ्यात उभी राहिलेली गाडी दसऱ्याला चालू होत नाही, त्यामागं बऱ्याचदा हेच असतं. टाकी आणि कार्बोरेटर रिकामं करून साफ करायच्या आधीच ‘इंजिन गेलं’ म्हणून गाडी विकू नये. उसाच्या पट्ट्यात राहून इथेनॉलला शिव्या घालायच्या, ही आपली गंमत.

‘बॉन्ड करून दिला, आता आपला संबंध नाही’

विकायचं ठरलंच, तर सगळ्यात मोठा धोका इथं आहे. स्टॅम्पवर लिहून घेतलं, ट्रान्सफरच्या (टीटी) फॉर्मवर सह्या करून दिल्या, पैसे मोजून घेतले, की विकणाऱ्याला वाटतं सुटलो. फेब्रुवारी २०१८ मधल्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं नेमक्या याच प्रश्नाचा निवाडा केला. गाडी एकाकडून दुसऱ्याकडं, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडं अशी हात बदलत गेली, आरसीवर नाव मात्र पहिल्याचंच राहिलं, आणि मग अपघात झाला. न्यायालय म्हणालं, आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याची. अपघातग्रस्तानं गाडी कुणाकुणाला विकली याचा माग काढत हिंडायचं नाही.

आता हे आपल्याकडच्या व्यवहाराला लावून बघा. एखाद्या पोरानं तुमची गाडी घेतली, विमा संपला, ‘नाव पुढच्या महिन्यात करतो’ म्हणाला आणि मुदाळ तिट्ट्यावर कुणाला तरी धडकला. विमा नाही, त्यामुळं कंपनी पैसे देणार नाही. दावा येणार तुमच्या नावावर. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीचा थर्ड पार्टी विमा जून २०२२ मध्ये ठरलेल्या दरानं वर्षाला ७१४ रुपये अधिक कर एवढाच असतो. तेवढ्यासाठी लोक शेत-घर जोखमीला लावतात.

फॉर्म २९ आणि ३० भरून व्यवहार आरटीओला कळवायचा. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याला चौदा दिवस आणि घेणाऱ्याला तीस दिवस मिळतात. माझं मत विचाराल तर नाव बदलेपर्यंत थोडी रक्कम हातात ठेवावी किंवा नावाचा खर्च आपणच करून टाकावा. गिऱ्हाईक निपाणीचं असेल तर वेगळीच वाट. राज्य बदलतं, त्यामुळं फॉर्म २८ वर ना-हरकत घ्यावी लागते आणि तिकडं गाडीची नव्यानं नोंदणी होते, करासकट. तो खर्च गिऱ्हाइकाला आधीच सांगितलेला बरा, नाहीतर गाडी एमएच-०९ वरच वर्षानुवर्षं तिकडं फिरत राहते, तुमच्या नावानं.

कर्ज फिटलं म्हणजे बोजा आपोआप उतरतो, असंही समजू नये. बँकेचा किंवा पतसंस्थेचा फॉर्म ३५ आणि ना-हरकत दाखला आरटीओत गेल्याशिवाय आरसीवरचं त्यांचं नाव जात नाही. गाडी वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल, तर वारसानं तीस दिवसांत कळवून तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ वर स्वतःच्या नावासाठी अर्ज करायचा असतो. आधी हे, मग विक्री.

आणि सांगाडाच गेला असेल, तर गाडी भंगारवाल्याला किलोवर देऊन विसरून जाऊ नका. नोंदणी रद्द झाली नाही तर चेसिस नंबर आणि तुमचं नाव दोन्ही कागदावर जिवंत राहतात. आरटीओला चौदा दिवसांत कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची. अधिकृत स्क्रॅप केंद्रात गाडी दिली तर ठेव प्रमाणपत्र मिळतं आणि त्यावर नव्या गाडीची नोंदणी फी माफ होते. त्यामुळं नवी गाडी घ्यायचीच असेल, तर भंगाराचा भाव करताना ही फीही धरा.