परदेशात पीएचडी करायचीय? जमीन विकण्याआधी हे वाचा

वाशिंद : दहावी-बारावीचा निकाल लागला की इंजिनीअरिंग, नर्सिंग, आयटीआय अशी चौकशी आपल्याकडे घरोघर सुरू होते. पण एमएस्सी किंवा एमए झालेलं पोर ‘मला संशोधनासाठी बाहेरच्या देशात जायचंय’ म्हणालं, की घरात सगळे गप्प होतात. एवढे पैसे आणायचे कुठून? मग नजर जाते जमिनीकडे. शहापूर-मुरबाडमध्ये आज जमिनीला गिऱ्हाईक दारात उभं असतं, त्यामुळे तो विचार यायला वेळ लागत नाही.

म्हणून आधीच सांगतो. संशोधनासाठी बाहेर जायला बऱ्याच वेळा जमीन विकावी लागत नाही. पैसे देणाऱ्या योजना आहेत आणि काही ठिकाणी तर विद्यापीठच पैसे देतं. पण त्यासाठी कागदपत्रांची तयारी दोन वर्षं आधीपासून करावी लागते. हुशार पोरांची संधी हुकते ती बहुतेक वेळा इथेच.

मास्टर्स वेगळं, पीएचडी वेगळी

परदेशातलं मास्टर्स म्हणजे फी भरून घेतलेलं शिक्षण. एक-दोन वर्षांचा खर्च लाखांत जातो. तिथे शिष्यवृत्ती नसेल तर कर्ज काढावंच लागतं.

पीएचडीचं गणित उलटं आहे. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत विज्ञान-इंजिनीअरिंगच्या पीएचडीला निवड झाली, की फी माफ होते आणि वर दर महिन्याला पैसे मिळतात. त्याबदल्यात वर्गावर शिकवायचं किंवा प्रयोगशाळेत काम करायचं. जर्मनीत पीएचडीच्या विद्यार्थ्याला बऱ्याचदा करार करून पगारावर घेतात. थोडक्यात, ही नोकरीसारखीच निवड असते. म्हणून पीएचडीचं पत्र आलं की सगळ्यात आधी बघायचं : यात फी माफी आणि महिन्याचे पैसे लिहिलेत का? नसतील तर त्या पत्राच्या भरवशावर घर गहाण टाकू नका. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येतो.

जर्मनीबद्दल अजून एक. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकण्याची फी नाही, हे खरं. पण फेलोशिप नसेल तर व्हिसासाठी एका वर्षाचा राहण्याचा खर्च खात्यात अडकवून दाखवावा लागतो. ती रक्कम ११,९०४ युरो आहे, म्हणजे दहा लाख रुपयांच्या वर. ‘फुकट शिक्षण’ असं सांगणारे लोक ही गोष्ट सांगत नाहीत.

बाबासाहेबांची शिष्यवृत्ती संपली तेव्हा

शिष्यवृत्ती मिळाली म्हणजे काम झालं असं नसतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. महिन्याला साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं आणि शिक्षण झाल्यावर बडोदा संस्थानाची नोकरी करण्याची अट. १९१६ साली ते पुढच्या अभ्यासासाठी लंडनला गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट सोडून त्यांना परत यावं लागलं. त्यांनी मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, एका पारशी मित्राने कर्ज दिलं, तेव्हा १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली डीएससी झाले.

आज राज्याच्या दोन योजनांना सयाजीराव आणि राजर्षी शाहू यांचीच नावं आहेत. आपल्या पोरांनी यातून एक धडा घ्यावा. किती पैसे मिळणार हे बघताना किती महिने मिळणार आणि अट काय आहे, हेही वाचायचं. पीएचडीला चार-पाच वर्षं लागतात. योजना त्याआधी संपत असेल तर पुढचं वर्ष कसं काढायचं, हे जाण्याआधीच ठरवा.

कोणाला कोणती योजना?

अनुसूचित जाती : राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती. वर्षाला ७५ जागा. वयाची मर्यादा मास्टर्सला ३५ आणि पीएचडीला ४० वर्षं.

याशिवाय केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे. तिच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी, ६ भटक्या-विमुक्तांसाठी आणि ४ भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागिरांच्या मुलांसाठी. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ८ लाख, वय ३५ पर्यंत. फी, राहण्याचा खर्च, व्हिसा, विमा आणि विमानाचं तिकीट यात बसतं. भूमिहीन शेतमजुरांच्या ४ जागा आहेत, हे आपल्या भागात फार थोड्यांना ठाऊक आहे.

अनुसूचित जमाती : केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाची वेगळी योजना आहे. वर्षाला २० जागा, त्यातल्या ३ आदिम जमातींसाठी राखीव. आपल्या दोन्ही तालुक्यांतला कातकरी समाज महाराष्ट्राच्या तीन आदिम जमातींपैकी एक आहे. म्हणजे एखादा कातकरी मुलगा किंवा मुलगी एमएस्सीपर्यंत पोचली, तर देशभरातल्या या ३ जागांवर तिचा हक्क आहे. ठाकूर, महादेव कोळी, वारली मुलांना उरलेल्या १७ जागांसाठी अर्ज करता येतो. राज्याच्या आदिवासी विकास विभागाचीही परदेश शिष्यवृत्ती आहे. तिची चौकशी शहापूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करा.

ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी : राज्याच्या इतर मागास बहुजन कल्याण विभागाची परदेश शिष्यवृत्ती.

मराठा, कुणबी : सारथी संस्थेच्या लक्षित गटासाठी महाराजा सयाजीराव गायकवाड सारथी शिष्यवृत्ती. आपल्याकडचे कुणबी ओबीसीतही येतात. दोन्ही जाहिराती वाचा, पण लाभ एकाच योजनेचा घेता येतो.

खुल्या आणि अल्पसंख्याक गटांसाठीही राज्याच्या परदेश शिष्यवृत्त्या आहेत.

या बहुतेक योजनांत विद्यापीठ जागतिक क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत असावं लागतं. तो क्रमांक, उत्पन्नाची मर्यादा आणि मार्कांची अट यांत मधल्या काळात बरेच बदल झालेत. गेल्या वर्षीच्या माहितीवर जाऊ नका, चालू वर्षाची जाहिरातच वाचा.

पीएचडी इथेच, काही महिने तिकडे

पूर्ण पीएचडी बाहेर करायलाच हवी असं नाही. मुंबई विद्यापीठात किंवा कृषी विद्यापीठात पीएचडीला नोंदणी असलेल्यांना फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल फेलोशिपवर ६ ते ९ महिने अमेरिकेत काम करता येतं. ब्रिटनच्या कॉमनवेल्थ शिष्यवृत्तीतही इथली पीएचडी चालू ठेवून तिकडे काही काळ राहण्याची सोय आहे. घरची जबाबदारी असलेल्या मुलींना हा मार्ग जास्त जमण्यासारखा आहे.

फक्त एखाद्या परिषदेत निबंध वाचायला जायचं असेल, तर विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनची प्रवास मदत आहे. तिकीट, व्हिसा आणि नोंदणी फी त्यात येते. अर्ज परिषदेच्या काही महिने आधी करावा लागतो. परिषद भरवणारेही विद्यार्थ्यांना प्रवासाला पैसे देतात, पण ते मागावे लागतात.

दोन वर्षं आधीपासून काय करायचं?

समजा २०२८ च्या ऑगस्टमध्ये विमानात बसायचंय. तर हिशेब असा :

२०२६ : जातीचा दाखला आणि जात पडताळणी पूर्ण करा. अनुसूचित जमातीची पडताळणी ठाण्याच्या समितीकडे होते. तिला महिने जातात, कधी जास्तही लागतात. पासपोर्टही याच वर्षी काढा. आधार, दहावीचं सर्टिफिकेट आणि पासपोर्ट या तिन्हींवर नाव एकसारखं पाहिजे. वडिलांच्या नावातल्या एका अक्षरामुळे फाइल परत येते. लग्न झालेल्या मुलींनी नावाचं प्रकरण आधी मिटवावं.

२०२७ चा पहिला अर्धा : इंग्रजीची परीक्षा द्या. तिची फी पंधरा हजारांच्या वर आहे, म्हणून तयारी झाल्यावरच बसा. विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट मागवा. ज्यांच्या हाताखाली संशोधन करायचंय अशा प्राध्यापकांना ईमेल लिहायला लागा. वीस जणांना लिहिलं तर दोन-तीन उत्तरं येतात. उत्तर आलं नाही म्हणून खचू नका.

२०२७ सप्टेंबर ते डिसेंबर : अर्ज करायचे महिने. अमेरिकेच्या बऱ्याच पीएचडी अर्जांची मुदत डिसेंबरात संपते. आपल्याकडे तेव्हा भातकापणी आणि झोडणी असते, म्हणून घरच्यांनी पोराला थोडं मोकळं ठेवावं. अर्जाची फी परवडत नसेल तर माफीसाठी विद्यापीठाला ईमेल करा. बरीच विद्यापीठं देतात.

२०२८ : एप्रिल लागला की तहसीलचा नवा उत्पन्नाचा दाखला काढा. जुना चालत नाही. योजनांच्या जाहिराती या सुमारास येतात आणि मुदत थोडी असते. प्रवेशाचं पत्र आणि बाकी सगळी कागदं हातात असतील तरच अर्ज वेळेत जातो.

यादीत नाव म्हणजे खात्यात पैसे नव्हेत

२०२५ साली केंद्राच्या योजनेत १०६ जणांची निवड झाली, पण सुरुवातीला पत्र मिळालं फक्त ४० जणांना. बाकीच्यांना निधी उपलब्ध झाल्यावर देऊ असं सांगण्यात आलं. तोवर विद्यापीठाची तारीख टळू शकते. म्हणून एकाच योजनेवर विसंबू नका आणि प्रवेश पुढच्या सत्रात ढकलता येतो का, हे विद्यापीठाला विचारून ठेवा. महिन्याचे पैसेही उशिरा येऊ शकतात. दोन-तीन महिन्यांची सोय खिशात ठेवूनच निघा.

कर्ज घ्यायचंच असेल तर केंद्राच्या विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज होतो. साडेसात लाखांपर्यंतचं शैक्षणिक कर्ज सरकारी हमीमुळे तारणाशिवाय मिळू शकतं. त्याच्या वर बँक तारण मागते, आणि शेतजमीन बऱ्याच बँका तारण म्हणून घेतच नाहीत. मुंबईतल्या जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती १८९२ पासून चालू आहे. ती मात्र परत फेडायची असते.

शेवटचं, एजंटचं. यातल्या कुठल्याच सरकारी योजनेला एजंट लागत नाही. ‘साहेबांना सांगून यादीत नाव घालतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. वेबसाइटच्या पत्त्यात शेवटी डॉट गव्ह डॉट इन आहे का, तेही बघा.

कसारा लोकलने रोज कल्याण-मुंबईला कॉलेजला जाणारी कितीतरी पोरं आपल्या गावांत आहेत. मुरबाडला रेल्वे नाही, तिथली पोरं एसटीने कल्याण गाठतात. यातलं कोणी एमएस्सी, एमए करत असेल तर ही माहिती त्यांच्या घरी पोचवा. जमिनीचा सौदा एका दिवसात होतो, जात पडताळणी एका दिवसात होत नाही. तेव्हा सुरुवात पडताळणीपासून करा.