खोगिराची वादी का तुटते?

माथेरानला घोड्यावर बसताना आपले लक्ष घोड्याकडे असते. खरा भरवसा ठेवलेला असतो तो पोटाखालून आवळलेल्या तंगावर आणि रिकिबीच्या दोन पट्ट्यांवर. उतारावर यातला एखादा तुटला, तर स्वार खाली येतो. तुटतो तो बहुधा बकलाजवळ, म्हणजे जिथे पट्टा वर्षानुवर्षे एकाच घडीवर वाकलेला असतो तिथे.

कातडे हे कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंचे जाळे असते. या प्रथिनाच्या तीन साखळ्या दोरीच्या पेडांप्रमाणे एकमेकींभोवती वळलेल्या असतात, हे मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४-५५ मध्ये दाखवले. बाभळीच्या सालीतील टॅनिन या तंतूंना बांधून ठेवते आणि कातडे कुजत नाही. पण नुसते कमावलेले कातडे वाळले की फळीसारखे कडक होते, कारण तंतू एकमेकांना चिकटतात. म्हणून त्यात तेल मुरवतात. तेलाच्या पातळ थरामुळे तंतू एकमेकांवरून सरकू शकतात. पट्टा वाकतो तो यामुळेच.

हे तेल हळूहळू जाते. घोड्याच्या घामात लॅथेरिन नावाचे फेसाळ प्रथिन असते. पट्ट्याच्या कडेला दिसणारा पांढरा फेस तो हाच. घाम वाळला की मीठ मागे राहते, त्यावर धूळ बसते आणि ती तंतूंना घासते. म्हणून पट्टा पुसायलाच हवा. पण धुण्याच्या साबणाने खसखसून धुतला, तर मळाबरोबर तेलही जाते. शिवाय असा साबण अल्कधर्मी असतो आणि चामडे आम्लधर्मी. तेव्हा आधी ब्रशने धूळ झाडावी, मग ओलसर फडक्यावर सौम्य साबण अगदी थोडा घेऊन पुसावे आणि सावलीत वाळवावे. पावसात भिजलेली वादी चुलीजवळ टांगणे सर्वांत वाईट. टॅनिनने कमावलेले ओले चामडे साधारण ७० ते ८५ अंश सेल्सिअसला आकसते, आणि ते पूर्ववत होत नाही.

पट्टा किंचित दमट असतानाच तेल द्यावे. पाणी उडत जाते तसतसे तेल आत शिरते. तेल कोणते, हा प्रश्न रसायनशास्त्राच्या तासाला घेण्याजोगा आहे. जवसाच्या तेलाचा आयोडीन अंक १८० च्या आसपास, करडईचा १४५, एरंडेलाचा ८५. अंक जितका मोठा, तितके द्विबंध अधिक. अशी तेले हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून चिवट, कडक पापुद्रा बनतात. रंगासाठी जवस उत्तम, ते यामुळे. वादीसाठी मात्र एरंडेल बरे. तेही जपून. फार पाजलेला पट्टा ताणला जातो, भोके लांबट होतात आणि दोन्ही रिकिबी एका उंचीवर राहत नाहीत.

जुन्या चामडी पट्ट्याचे दोन तुकडे साबणाच्या पाण्यात रात्रभर ठेवून सावलीत वाळवावे. वाळत आलेल्या एकाला एरंडेल चोळावे. आठवड्याने दोन्ही वाकवून विद्यार्थ्यांच्या हाती द्यावे, फरक बोटांना कळतो.

घडीवर भेगा दिसू लागल्या असतील, तर मात्र तेलाचा उपयोग नाही. तिथे तंतूच तुटलेले असतात. तो पट्टा बदलावा.