गाठ काय खाते?

घरात कॅन्सरचं निदान झालं की पहिली गदा साखरेच्या डब्यावर येते. छत्रपती संभाजीनगरात आमखास मैदानाजवळचं शासकीय कर्करोग रुग्णालय असो की घाटी रुग्णालय, नातेवाइकांचे प्रश्न ठरलेले असतात. चहा बिनसाखरेचा द्यायचा का? गूळ चालेल का? भेटायला आलेला एखादा पाहुणा तर छातीठोकपणे सांगतो, की गोड बंद केलं की गाठ उपाशी मरते. पाहुण्याला हसण्याचं कारण नाही. त्याच्यामागे नकळत एक नोबेल विजेता उभा आहे.

जर्मनीच्या ओटो वारबुर्ग यांना 1920च्या दशकात दिसलं, की गाठीतल्या पेशी निरोगी पेशींपेक्षा कितीतरी जास्त ग्लुकोज गिळतात आणि ऑक्सिजन असतानाही ते पुरतं न जाळता त्याचं लॅक्टिक आम्ल करून टाकतात. (1931चं नोबेल त्यांना मिळालं ते पेशींच्या श्वसनावरच्या कामासाठी, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते हे.) पेट स्कॅन याच हावरेपणावर चालतो. ग्लुकोजसारखा किंचित किरणोत्सारी पदार्थ शिरेतून द्यायचा आणि तो कुठे साठतो ते पाहायचं. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये 2002 साली देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन आला आणि ही तपासणी भारतात सुरू झाली.

मेंदूत मात्र पंचाईत होते. वजनाने शरीराच्या जेमतेम 2 टक्के असलेला हा अवयव एकूण ऊर्जेतला सुमारे पाचवा हिस्सा एकटा खातो, त्यामुळे स्कॅनमध्ये गाठीबरोबर आजूबाजूचा मेंदूही उजळतो. शिवाय साखर आत गेली एवढंच स्कॅन सांगतो. आत गेल्यावर तिचं झालं काय, हे सांगत नाही.

ते कळायला गाठच हातात हवी, आणि ती हाती येते ऑपरेशनच्या टेबलावर. म्हणून संशोधकांनी ऑपरेशनचीच वेळ साधली. निसर्गातल्या कार्बनपैकी साधारण 1 टक्का कार्बन ‘कार्बन-13’ असतो. तो थोडा जड असतो, किरणोत्सारी नसतो. अशा जड कार्बनचं ग्लुकोज रुग्णाच्या संमतीने ऑपरेशनच्या सुमारास सलाइनसारखं शिरेतून सोडतात. शस्त्रक्रिया तशीही होणारच असते, तिच्यातच हा अभ्यास उरकतो. काढलेला तुकडा तत्काळ गोठवला, की त्यातल्या कोणत्या रेणूत जड कार्बन पोचला हे यंत्रं दाखवतात. धान्याच्या पोत्यावर खूण करून ते कोणाच्या घरी गेलं आणि तिथे त्याची भाकरी झाली की बी पेरलं गेलं, हे शोधण्यासारखाच हा प्रकार.

अमेरिकेत डॅलसच्या एलिझाबेथ माहेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 साली असा अभ्यास प्रसिद्ध केला आणि वारबुर्गच्या चित्राला तडा गेला. मेंदूतली गाठ ग्लुकोज चांगलं जाळतही होती. पण हिशेब जुळेना, कारण तिच्या भट्टीत जाणाऱ्या मालातला निम्म्याहून कमी भाग रक्तातल्या ग्लुकोजमधून आलेला. बाकीचा कुठून? 2014 साली याच चमूने एक पुरवठादार पकडला: अॅसिटेट, म्हणजे व्हिनेगरला आंबटपणा देणाऱ्या आम्लाचंच रूप.

मिशिगन विद्यापीठातल्या चमूचा 2025चा शोध त्याही पुढचा आहे. निरोगी मेंदू ग्लुकोजचा कार्बन ऊर्जेसाठी आणि चेतापेशींचे निरोप नेणारी रसायनं बनवण्यासाठी वापरतो. ग्लिओब्लास्टोमा ही मेंदूतली सर्वांत आक्रमक गाठ तोच कार्बन नवा डीएनए घडवण्याकडे, म्हणजे वाढीकडे वळवते. आणि सेरीनसारखी अमिनो आम्लं स्वतः बनवण्याऐवजी शेजारून उचलते. सेरीन वगळलेला आहार दिल्यावर उंदरांमधल्या काही गाठींची वाढ मंदावली आणि उपचारांचा परिणाम वाढला.

उंदरांमधल्या, हे विसरू नये. सेरीन डाळीत, दुधात, अंड्यात असतं आणि आपलं शरीरही ते तयार करतं. नुसती डाळ बंद करून काही साधत नाही.

गाठीच्या पोटात चालणाऱ्या अशा रसायनक्रियांचा फायदा घेणारी एक युक्ती मात्र महाराष्ट्रात वापरात आहे. 5-एएलए नावाचा पदार्थ पाण्यात विरघळवून रुग्णाला भूल देण्याच्या काही तास आधी प्यायला देतात. गाठीच्या पेशी त्यापासून असं द्रव्य बनवतात, की निळ्या प्रकाशात गाठ गुलाबी-लाल दिसते आणि सर्जनला तिची कड कळते. जर्मनीतल्या 2006च्या चाचणीत या पद्धतीने 65 टक्के रुग्णांची दिसणारी गाठ पूर्ण निघाली, साध्या प्रकाशात 36 टक्क्यांची. टाटा मेमोरियलचे न्यूरोसर्जन अलीअसगर मोइयादी यांनी या तंत्राच्या फायद्यांबरोबर त्याच्या मर्यादांवरही लिहिलं आहे. ते बरंच झालं, कारण पातळ पसरलेल्या पेशी चमकतीलच असं नाही.

चयापचयावर नेम धरणारं औषधही आता आलं आहे. ग्लायोमा या प्रकारच्या मेंदूतल्या गाठींपैकी हळू वाढणाऱ्या काहींमध्ये आयडीएच हे एन्झाइम बिघडतं आणि भलतंच रसायन बनवू लागतं. त्याला रोखणाऱ्या व्होरासिडेनिबला अमेरिकेने 2024 साली परवानगी दिली.

मग साखरेच्या डब्याचं काय? ताटातली साखर काढली तरी यकृत रक्तातलं ग्लुकोज खाली जाऊ देत नाही, उलट रुग्णाचं वजन मात्र उतरतं. मेंदूची सूज कमी करायला दिलेल्या डेक्सामेथासोनने रक्तातली साखर चढू शकते, तिथे पथ्य लागतं आणि ते डॉक्टरच ठरवतात. तुमच्या घरी असा रुग्ण असेल, तर ताटातला एखादा पदार्थ काढण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि विचारेपर्यंत चमचाभर साखरेच्या चहावरून रुग्णाशी भांडू नका.