तीन लिप्यांचे मूल आणि संगणकाचा आवाज

‘पाटी’शी ‘वाटी’ जुळते की ‘दार’, ‘पाटी’तला ‘प्’ काढला तर काय उरते, हे बहुतेक मुलांना थोड्या सरावाने सांगता येते. वाचनात अडखळणाऱ्या अनेक मुलांना नेमके हेच जमत नाही. नजर आणि बुद्धी ठीक असते. पण ऐकलेला शब्द आवाजांत सुटा होत नाही, त्यामुळे अक्षर आणि आवाज यांची गाठ पडत नाही. ही ध्वनिजाणीव सरावाने वाढवता येते.

असा सराव संगणकावरही करून घेतात. फिनलंडच्या युवास्कुला विद्यापीठातून आलेल्या ‘ग्राफोगेम’मध्ये मूल हेडफोनवर आवाज ऐकते आणि पडद्यावरच्या अक्षरांतून जुळणारे निवडते. चुका वाढल्या की प्रश्न सोपे होतात. तोच आवाज कितीही वेळा ऐकवताना यंत्र वैतागत नाही, हा त्याचा खरा गुण.

बेळगाव-निपाणी भागात मराठी शाळेतले मूल देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तीन लिप्या शिकते. पहिल्या दोन एकाच कुळातल्या, म्हणून सोपे वाटते; अडचण तिथेच आहे. ‘नगर’ दोन्ही भाषांत तीन अक्षरांनीच लिहितात. मराठीत मात्र शेवटचा ‘अ’ गळतो आणि शब्दाला दोन टाळ्या पडतात, न-गर. कन्नडमध्ये तो उच्चारतात, म्हणून तीन. मराठी जोडाक्षरात पहिले व्यंजन बहुधा अर्धे होते, तर कन्नडमध्ये पहिले अक्षर पूर्ण राहून दुसरे त्याच्या खाली लटकते. ‘चहा’ आणि ‘चूल’ यांतले दोन ‘च’ तर मराठी पाटीवर एकाच खुणेने लिहायचे. त्यामुळे आयता मिळतो म्हणून इंग्रजी ध्वनींचा कार्यक्रम या मुलांपुढे ठेवणे फारसे उपयोगाचे नाही. मराठीसाठी मराठीचा आणि कन्नडसाठी कन्नडचा आवाज हवा.

सोनाली नाग यांच्या २००७ सालच्या अभ्यासात दिसले, की कन्नड शिकणाऱ्या मुलांना अक्षरे पक्की व्हायला इंग्रजीपेक्षा बराच जास्त काळ लागतो आणि सुट्या ध्वनींची जाण सावकाश येते. तेव्हा दुसरीतले प्रत्येक अडखळणे म्हणजे डिस्लेक्सिया नव्हे. पारख करायला मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची ‘डाली’ ही चाचणी आहे. ती मराठी आणि कन्नड दोन्हींत मिळते.

संगणकाकडून अपेक्षा मात्र बेताचीच ठेवावी. ग्राफोगेमवरील अभ्यासांचा २०२० साली एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा शब्दवाचनात सरासरी फायदा दिसला नाही. जिथे मोठे माणूस शेजारी बसून मुलाशी बोलत होते, तिथे तो दिसला.