ज्वारीच्या पिठातला तांबडा पाहुणा

आमच्या घरी भाकरी ज्वारीचीच लागते, आणि पीठ उदगीरहून येतं. हैदराबादेत ज्वारी मिळत नाही असं नाही, पण आईच्या हातचं निवडलेलं, तिच्या नेहमीच्या गिरणीवरचं पीठ म्हणजे वेगळीच गोष्ट. जूनमध्ये धाकटा भाऊ बिदरमार्गे रेल्वेनं आला तेव्हा त्यानं पाच किलोचा स्टीलचा डबा आणला. आठव्या दिवशी बायकोनं झाकण उघडलं, तर पिठावर सात-आठ तांबूस किडे फिरत होते.

मी काय केलं असेल? लगेच आईला फोन लावला आणि म्हणालो, "आई, गिरणीतच कीड लागली होती वाटतं. जरा बघून द्यायचंस ना."

पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग, "मी चाळून भरलं होतं बाबा. बरं, यापुढे नाही पाठवत." फोन बंद.

बायको माझ्याकडे नुसती बघत राहिली. मुलगी आठ वर्षांची, तिनं विचारलं, "बाबा, पण हा किडा कुठला आहे?" मी म्हणालो, पोरकिडा. बायको म्हणाली, आमच्याकडे टोके म्हणतात. शेजारच्या काकूंनी तिसरंच नाव सांगितलं. तीन माणसं, तीन नावं, आणि किडा एकच. की तोही एकच नव्हता?

मी बी.ई. झालो ते कॉम्प्युटरमध्ये. रोज 'बग' शोधतो, पण सहा पायांचा पहिल्यांदाच. एक किडा काचेच्या बाटलीत घालून तासभर फ्रीजरमध्ये ठेवला, मोबाईलला दीडशे रुपयांची मॅक्रो लेन्स लावली आणि पांढऱ्या कागदावर फोटो काढले. किडा ओळखण्याची पद्धत आमच्या इफ-एल्ससारखीच असते, हे तेव्हा कळलं. सोंड आहे का? असेल तर तांदळातला सोंडकिडा. नव्हती. मानेच्या कडेला करवतीसारखे दात आहेत का? असतील तर करवती भुंगेरा. तेही नव्हते. डोकं टोपीखाली दडल्यासारखं वाकलेलं आहे का? असेल तर दाणे पोखरणारा भुंगेरा. डोकं समोर दिसत होतं.

उरला तो तीन-चार मिलिमीटर लांब, चपटा, तांबूस तपकिरी, पाठीवर बारीक उभ्या रेघा असलेला. आता पाय मोजायचे. पाय सहाच असतात, पण पावलांचे सांधे मोजावे लागतात: पुढच्या दोन जोड्यांना पाच-पाच आणि मागच्या जोडीला चार. शिवाय मिशा जिथे उगवतात ती जागा डोक्याच्या कडेच्या उंचवट्याखाली झाकलेली. ही खूण टेनेब्रिओनिडी कुळाची, इंग्रजीत ज्यांना डार्कलिंग बीटल म्हणतात. या कुळात वीस हजारांहून जास्त जाती आहेत. नामिबच्या वाळवंटात पाठीवर धुकं साठवून पाणी पिणारा भुंगेरा याच कुळातला, आणि केरळात पावसाळ्याआधी रबराच्या मळ्यांतून झुंडीनं घरांत शिरणारा 'मुपली'ही.

खरा पेच शेवटी होता. पिठात राहणाऱ्या या वंशाच्या दोन जाती इतक्या सारख्या दिसतात की तज्ज्ञांचाही गोंधळ व्हायचा. पहिली ट्रायबोलियम कॅस्टेनियम. जर्मन निसर्गअभ्यासक हेर्बस्ट यानं 1797 मध्ये तिचं वर्णन केलं आणि चेस्टनटच्या रंगावरून नाव दिलं. दुसरीचं वर्णन पुढच्या शतकात झालं आणि तिचं नावच पडलं ट्रायबोलियम कन्फ्यूजम! फरक मिशांत आहे. कॅस्टेनियमच्या मिशीची शेवटची तीन मणी एकदम जाड होतात, गदेसारखी. कन्फ्यूजमची मिशी टोकाकडे हळूहळू जाड होत जाते. आणि किडा उताणा करून खालून बघितलं, तर कॅस्टेनियमचे दोन डोळे जवळजवळ असतात, कन्फ्यूजमचे बरेच लांब.

हे दिसायला मला दोन रविवार आणि चाळीसेक फोटो लागले. मुलीनं उताणा किडा टाचणीनं हलका धरला आणि तीच ओरडली, "बाबा, गदा! तीन मणी!" कॅस्टेनियम. तांबडा भुंगेरा.

हवामानावरून अंदाज आधीच करता आला असता. शिकागो विद्यापीठात थॉमस पार्क यांनी या दोन जाती एकाच पिठात सोडून वर्षानुवर्षं बघितलं. बहुतेक वेळा एक जात टिकायची आणि दुसरी संपायची. उष्ण, दमट हवेत कॅस्टेनियम जिंकायचा. थंड, कोरड्यात कन्फ्यूजम. म्हणजे हैदराबादच्या जूनमध्ये कोण जिंकणार ते उघड आहे. पण अंदाज म्हणजे ओळख नव्हे. (माझ्या टीमला हे मी रोज सांगतो आणि स्वतः आईला फोन लावताना विसरलो.) प्रयोगशाळांत हा किडा इतका लाडका आहे की भुंगेऱ्यांमध्ये सगळ्यात आधी ज्याचा पूर्ण जीनोम वाचला गेला, तो हाच, 2008 साली.

जात कळली आणि मग हिशोब मांडता आला. अंड्यापासून पूर्ण किडा व्हायला उन्हाळ्यातही तीन-चार आठवडे लागतात. पीठ दळून झाले होते जेमतेम नऊ दिवस. म्हणजे आईच्या पिठात चुकून अंडी असती, तरी आठव्या दिवशी फार तर बारीक अळ्या दिसल्या असत्या, वाढलेले किडे नाहीत. वाढलेले किडे गिरणीतूनच आले म्हणावं, तर आईची बारीक चाळण त्यांना सोडणार नाही. आणि डब्यात अळी नव्हती, टाकलेली कातही नव्हती. नुसते मोठे, नुकतेच आल्यासारखे.

मग आले कुठून? उबेत कॅस्टेनियम उडूही शकतो, हे वाचलं आणि मी स्टूल घेऊन वरच्या फळीवर चढलो. सगळ्यात मागे मैद्याचं अर्धं पाकीट, रबर लावून ठेवलेलं. दिवाळीत शंकरपाळ्यांसाठी मीच आणलेलं आणि मीच वर टाकलेलं. उघडलं तर एक उग्र, औषधासारखा वास. किड्यांच्या अंगातून क्विनोन नावाची रसायनं सुटतात, त्यांचा तो वास. पीठही गुलाबीसर पडतं. आत सगळी पिढी हजर: अळ्या, कोष, काती, मोठे किडे. खाली, बरोबर त्याच फळीखाली, आईचा डबा. झाकणाला प्रवासात पोचा आलेला, एका बाजूनं फट.

पाकीट फेकलं, फळी झाडून पुसून घेतली, फटींतलं पीठ व्हॅक्युम क्लीनरनं ओढून काढलं. पहिल्याच दिवशी बायकोनं आईचं पीठ चाळून फ्रीजरमध्ये ठेवलं होतं. मी आईला फोन केला.

"आई, कीड आमच्या घरातली होती. माझ्या मैद्यातली."

"कशावरून?"

सगळं सांगितलं. मिशा, डोळे, नऊ दिवस, चाळण. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाली, "एवढं शोधायला तुला दोन आठवडे लागले होय? मी तर त्याच दिवशी सांगितलं होतं, चाळून भरलंय म्हणून."

"चुकलंच माझं."

"तो किडा अख्ख्या ज्वारीत होतो का रे?"

मी वाचलेलं आठवून सांगितलं, की नाही, धड दाणा त्याला फोडता येत नाही. त्याला पीठ लागतं, नाहीतर फुटके दाणे.

पुढच्या महिन्यात भाऊ आला तो पिठाचा डबा न घेता. दहा किलो निवडलेली ज्वारी, पिशवीत चार बिब्बे, आणि निरोप: तिकडंच दळून घे, आठवड्याला लागेल तेवढीच.